जाळीचे बारा एकर

नारायणगावात पुणे-नाशिक महामार्ग सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव, द्राक्षबागा, कांद्याची वावरं आणि ऊस. उसात बिबट्या असू शकतो, हे जुन्नर तालुक्यात कुणी वेगळं सांगत नाही. मग एखाद्या वळणावर उसाच्या तुऱ्यांवरून एक अवाढव्य तबकडी डोकं काढते. तिचा व्यास ४५ मीटर. जवळ गेल्यावर पाहणाऱ्याचा थोडा विरसच होतो, कारण तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं. पत्रा नाही, आरसा नाही, काच तर नाहीच. नुसती तारेची जाळी, आणि त्या जाळीची तारही जेमतेम ०.५५ मिलिमीटर जाडीची.

अशा ३० तबकड्या मिळून ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ होतो. सगळे त्याला जीएमआरटी म्हणतात. एका तबकडीचं तोंड आपल्याकडच्या मापात सांगायचं तर पावणेसोळा गुंठे. तिसांचं मिळून बारा एकरांना जरासं कमी. मीटरच्या आसपास लांबीच्या रेडिओलहरी पकडणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआरचं) पुण्यात गणेशखिंडीला जे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, म्हणजे एनसीआरए, त्याने ती उभारली आणि तेच ती चालवतं. २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदचं आवार सर्वांसाठी उघडतं. आसपासच्या तालुक्यांतल्या शाळा प्रयोग मांडतात, एसट्या भरभरून मुलं येतात. मोबाईल बंद करा, असं दारातच सांगितलं जातं. मुलांचा ठरलेला प्रश्न असतो, यातून दिसतं काय? खरं उत्तर आहे, काहीच नाही. या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नाही. तबकडीच्या नाभीवर जी लहर गोळा होते तिचा विद्युतसंकेत होतो, तो ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत जातो आणि पुढचं सगळं संगणकात घडतं. चित्र शेवटी तयार होतं, कधी कधी निरीक्षणानंतर कित्येक महिन्यांनी.

जाळी इतकी विरळ का, याचं उत्तर लहरीच्या लांबीत आहे. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा पुरेशी लहान असली की लहरीच्या दृष्टीने तो अखंड पत्राच. जीएमआरटी ज्या सर्वांत आखूड लहरी पकडते त्या २१ सेंटिमीटरच्या आसपास आहेत. तबकडीच्या मध्यभागी जाळीची भोकं १० मिलिमीटरची आहेत, कडेला २० मिलिमीटरपर्यंत जातात. लहर परत फिरते. वारा मात्र आरपार जातो. या दुसऱ्या गोष्टीतच सगळी किमया आहे. मोठ्या तबकडीचा खरा शत्रू वारा असतो. वाऱ्याला तोंड द्यायचं तर पोलाद वाढवायचं, पोलाद वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की ते फिरवणाऱ्या मोटारी, दाते आणि पाया, सगळंच वाढतं. जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटरची तबकडी १९७१ साली पुरी झाली. तिचं वजन ३,२०० टन आहे. खोडदच्या एका अँटेनाचा फिरणारा भार शंभर टनांच्या पुढे-मागे. म्हणजे सगळ्या तिसांचं वजन मिळून एका एफेल्सबर्गएवढं, आणि लहरी गोळा करणारं क्षेत्र तिच्या सहापट.

०००

हे डोकं गोविंद स्वरूप यांचं. ते उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचे, जन्म १९२९ चा, शिक्षण अलाहाबादेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून १९५३ साली ते सिडनीला गेले. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेल्या मंडळींनी तिथे रेडिओ खगोलशास्त्र नावाची नवी शाखा नुकतीच उभी केली होती. पॉट्स हिल इथे सूर्याचा वेध घेणाऱ्या सहा फुटी ३२ तबकड्या होत्या आणि त्यांचं काम संपत आलं होतं. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या, ऑस्ट्रेलियाने देऊ केल्या. पुढे कागदपत्रं आणि वाहतूक यांच्या घोळात वेळ गेला. स्वरूप तोवर अमेरिकेला निघून गेले आणि तबकड्या दिल्लीत येऊन पडून राहिल्या.

१९६१ मध्ये परदेशात असलेल्या चौघा भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून देशात पत्रं धाडली: स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन. आम्ही परत यायला तयार आहोत, काम द्याल का, असा त्यांचा आशय. टीआयएफआरच्या होमी भाभांचं उत्तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तारेने आलं आणि ते होकाराचं होतं. तेव्हा स्वरूपांच्या खात्यावर एकही मोठी दुर्बीण नव्हती, हे लक्षात घेतलं की त्या होकाराचं वजन कळतं. १९६३ मध्ये ते टीआयएफआरमध्ये रुजू झाले. दिल्लीत धूळ खात पडलेल्या त्या ३२ तबकड्या मागवून त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला मांडल्या. आज कल्याण म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. भारताची पहिली मोठी रेडिओ दुर्बीण तिथे होती, हे खुद्द कल्याणकरांतल्याही फार थोड्यांना माहीत असेल.

पुढची दुर्बीण उटीची. ती १९७० मध्ये तयार झाली आणि तिची कल्पना इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. ताऱ्यांचा पाठलाग करायचा तर दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश. तेव्हा उत्तर-दक्षिण दिशेत ११ अंशांचा उतार असलेली टेकडीच शोधून काढली आणि तिच्या अंगावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी पन्हळीच्या आकाराची दुर्बीण आडवी टाकली. टेकडीनेच अर्धं यंत्र फुकट पुरवलं. परावर्तक पृष्ठभाग तोही पत्र्याचा नव्हे, लांब पोलादी तारांचा. जीएमआरटीची जाळी इथूनच सुरू होते, असं मला वाटतं.

उटीला चंद्राचाही उपयोग करून घेतला. आकाशातल्या एखाद्या रेडिओस्रोताच्या समोरून चंद्र सरकतो तेव्हा तो स्रोत ज्या तऱ्हेने मावळतो, त्यावरून त्याचा आकार आणि नेमकं ठिकाण काढता येतं. अशा शेकडो स्रोतांचा अभ्यास करून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की दूरचं, म्हणजे जुनं, विश्व आजच्यासारखं नव्हतं. विश्व बदलत आलं आहे. विश्व सदैव सारखंच असतं असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताला हे प्रतिकूल होतं. आणि त्या सिद्धान्ताचे जगातले एक मोठे पुरस्कर्ते, जयंत नारळीकर, १९७२ पासून त्याच टीआयएफआरमध्ये होते! एकाच संस्थेत एकाची दुर्बीण दुसऱ्याच्या सिद्धान्ताला छेद देते आणि दोघं पुढची कित्येक वर्षं एकमेकांच्या शेजारी काम करत राहतात. पुढे पुण्यात नारळीकरांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि स्वरूपांची एनसीआरए गणेशखिंडीला एकाच विद्यापीठाच्या आवारात नांदल्या. मराठी वाचकाने नारळीकरांना भरभरून वाचलं. स्वरूप मात्र त्याला परकेच राहिले. अर्थात त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या नाहीत, हेही खरं.

उटीनंतर स्वरूपांच्या मनात विषुववृत्तावरची दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण होती. त्यासाठी केनियात खटपट झाली, मग इंडोनेशियात. दोन्हीकडे काही जमलं नाही. १९८४ च्या सुरुवातीला त्यांना वेगळीच कल्पना सुचली. पोकळ नळ्यांच्या सोळा वक्र फासळ्या मध्यावरून बाहेर पसरवायच्या, फासळ्यांमध्ये पोलादी दोर ताणून बसवायचे आणि त्या दोरांवर जाळी बांधायची. बाजेची चौकट आणि तिच्यावर विणलेला सुंभ, तसंच हे. जाळीचा प्रत्येक तुकडा सपाटच, पण असे पुष्कळ तुकडे योग्य कोनांत ताणले की सगळे मिळून पॅराबोलाच्या पुरेसे जवळ जातात. मीटरभर लांबीच्या लहरीला इतकी अचूकता भरपूर झाली. १९८७ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तबकड्या इथेच घडवल्या, इथेच उभ्या केल्या.

या काटकसरीकडे नाइलाज म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. १९८० च्या दशकात जगातले बहुतेक रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आखूड लहरींच्या मागे होते. अमेरिकेतली व्हीएलए ही प्रसिद्ध दुर्बीण नुकतीच सुरू झाली होती. लांब लहरींचा पट्टा जवळपास ओस पडला होता. लांब लहरींना ओबडधोबड, म्हणजे स्वस्त, पृष्ठभाग चालतो आणि तिथे गर्दीही नाही, या दोन गोष्टी एकदम ज्याच्या लक्षात आल्या, त्याने गरिबीतून मार्ग काढला असं म्हणणं अपुरं आहे. त्याने खेळच निवडून घेतला.

०००

तीस तबकड्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती आवारात, साधारण चौरस किलोमीटरभरात, दाटीने उभ्या आहेत. बाकीच्या १६ पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन शाखांवर विखुरलेल्या आहेत, शेतांच्या मधोमध. दोन टोकांच्या तबकड्यांतलं सर्वांत मोठं अंतर सुमारे २५ किलोमीटर. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहायचे, ही इथली मूळ रीत. तिसांच्या जोड्या ४३५. पृथ्वी फिरत जाते तशी आकाशातून पाहिल्यावर प्रत्येक जोडीची लांबी आणि दिशा बदलत जाते. म्हणून एकाच स्रोतावर आठ-दहा तास नजर ठेवली की जणू मोठ्या तबकडीचे निरनिराळे तुकडे भरून निघतात. एवढं करूनही एक मर्यादा उरतेच. बारकावे दिसतात २५ किलोमीटरच्या दुर्बिणीचे, पण लहरी गोळा होतात बारा एकरांवरच्याच. त्यामुळे क्षीण गोष्टी पाहायच्या तर तासच्या तास मोजावे लागतात.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट फारच क्षीण आहे: हायड्रोजन. अणुरूपातल्या हायड्रोजनमध्ये प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची फिरकी एका दिशेची असते किंवा विरुद्ध दिशेची. एका स्थितीतून दुसरीत येताना २१ सेंटिमीटर लांबीची लहर सुटते. एकट्या अणूकडून हे आपसूक घडायला सरासरी कोटीभर वर्षं लागतात, पण दीर्घिकेत अणूंची वाण नसते. डच शास्त्रज्ञ व्हान दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये बसून, ही लहर असेल असं सांगितलं. १९५१ मध्ये ती सापडली. तारे याच वायूतून घडतात. दीर्घिकेत तारे किती आहेत हे प्रकाशाच्या दुर्बिणी सांगतात, पण नवे तारे घडवायला कच्चा माल किती शिल्लक आहे, ते थेट कळतं या लहरीतून.

अडचण अशी की दूरच्या दीर्घिकेची लहर विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणली जाते. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली २१ सेंटिमीटरची लहर आपल्यापर्यंत ४२ सेंटिमीटरची होऊन पोहोचते. १४२० मेगाहर्ट्झचे ७१० होतात. खोडदचा पट्टा नेमका हा. पण एकेका दीर्घिकेचा संकेत इतका दुबळा की तो यंत्राच्याच कुरबुरीत बुडून जातो. यावर आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. प्रकाशाच्या दुर्बिणींनी आधीच ठिकाण आणि अंतर मोजून ठेवलेल्या ७,६५३ दीर्घिका त्यांनी घेतल्या आणि सगळ्यांचे न दिसणारे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. सरासरीत हायड्रोजन दिसला. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे ५१० तास निरीक्षण करून ११,४१९ दीर्घिकांवर हीच पद्धत चालवली.

निघालं ते असं. त्या काळातल्या दीर्घिकांजवळचा हायड्रोजन, त्या ज्या वेगाने तारे घडवत होत्या त्या वेगाने, शंभर-दोनशे कोटी वर्षंच पुरणारा होता. बाहेरून नवा वायू त्या प्रमाणात येत नव्हता. विश्वातली ताऱ्यांची घडण ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी ऐन भरात होती आणि नंतर ओसरत गेली, हे खगोलशास्त्रज्ञांना कधीचं ठाऊक होतं. ती का ओसरली, हे मात्र अंदाजाने सांगितलं जाई. आता कारणाच्या बाजूने मोजमाप आहे: माल संपत आला होता. २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीतून ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच दीर्घिकेचा हायड्रोजन टिपल्याचं जाहीर केलं. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो संकेत वाढवला होता. नशिबाची साथ म्हणायची ती अशी.

०००

लांब लहरी निवडल्याचा एक फायदा तर १९८४ मध्ये कुणाच्या हिशेबातही नसणार. स्पंदक, म्हणजे पल्सार, हे मेलेल्या ताऱ्यांचे गरगर फिरणारे गाभे. त्यांतले काही सेकंदात शेकडो फेऱ्या घेतात आणि इतके नेमाने की त्यांच्यावर घड्याळ लावावं. अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना जे गुरुत्वतरंग सोडतात, ते आपल्या भागातून गेले की या स्पंदांच्या येण्याच्या वेळा किंचित पुढे-मागे होतात. हा फरक सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान असतो आणि तो पकडायला वर्षानुवर्षं मोजावं लागतं. त्यात अंतराळातले मोकळे इलेक्ट्रॉनही स्पंदांना उशीर लावतात. हा उशीर लहर जितकी लांब तितका जास्त, म्हणून तो लांब लहरींतच नेमका मोजता येतो आणि मग हिशेबातून वजा करता येतो. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारतीय गटांनी २५ स्पंदकांच्या, जवळपास २५ वर्षांच्या नोंदींवरून अशा तरंगांचे पुरावे जाहीर केले. त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले निष्कर्ष मांडले. युरोपाबरोबरच्या त्या नोंदींत उशिराचा हिशेब चोख करण्याचं काम खोडदने केलं.

इतर कामांची यादी लांब आहे. १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाशाची पाहणी झाली आणि सहा लाखांहून अधिक स्रोतांची सूची सर्वांना खुली झाली. मंगळाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचं ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत होतं. त्याचा इवलासा प्रक्षेपक मंगळाभोवतीच्या यानांशी बोलण्यापुरता होता. पृथ्वीवरून तो ऐकू येतो का, हे पाहायला खोडदच्या तबकड्या तिकडे वळवल्या होत्या. संकेत आला. यान वातावरणात शिरलं, तरी येत राहिला. जमिनीला टेकायच्या थोडं आधी तो थांबला. काहीतरी बिनसलं असल्याची पहिली चाहूल जगाला जुन्नर तालुक्यातून लागली.

०००

जागा खोडदचीच का? भोवती सह्याद्रीच्या रांगा, त्यामुळे दूरच्या शहरांचा रेडिओ गोंगाट अडतो. अक्षांश १९ अंश, म्हणून दक्षिणेचंही बरंच आकाश दिसतं. चुंबकीय विषुववृत्तापासून हे ठिकाण पुरेसं दूर आहे, तेव्हा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, उपद्रव त्यामानाने कमी. पुणं जवळ. १९८० च्या दशकात हे सगळं जमून येत होतं. त्या वेळी मोबाईल नव्हता.

आज आहे. दुर्बिणीचं २०१० च्या दशकात मोठं नूतनीकरण झालं. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येई, आता ४०० पर्यंत येतो. नव्या पट्ट्यांकडे पाहा: एक ५५० ते ८५०, पुढचा १०५० ते १४५०. मधली फट ९०० च्या आसपासची, आणि तिथेच मोबाईलचा जुना पट्टा बसतो. विजेच्या तारांवर सैल जोडातून उडणाऱ्या ठिणग्या याहून त्रासदायक, कारण त्यांचा गोंगाट एका पट्ट्यात राहत नाही. त्यासाठी नव्या यंत्रणेत ठिणग्यांचा खडखडाट जागच्या जागी गाळणारी सोय केली आहे. डोंगर जमिनीवरचा आवाज अडवतात. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांचं काय करायचं? स्टारलिंकच्या उपग्रहांतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून नको त्या लहरी गळतात, हे युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये मोजून दाखवलं.

आणि मग रेल्वे. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेचा आखलेला मार्ग चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. विजेवर धावणारी गाडी इतक्या जवळून गेली तर निरीक्षणं बिघडतील, हा जीएमआरटीचा आक्षेप. त्यावरून रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली आणि खेड, आंबेगाव, जुन्नरात संताप उसळला. तो खोटा नाही. टोमॅटो आणि द्राक्षं पिकवून लवकर बाजारात पोहोचवायची असतात, महामार्गावरच्या कोंडीत ती सडतात. दुर्बिणीचा गौरव देशाने मिरवायचा आणि गाडी मात्र दुसरीकडून न्यायची, हा व्यवहार तिथल्या माणसाला एकतर्फी वाटला तर त्याला विज्ञानविरोधी ठरवण्यात अर्थ नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: रेल्वेचा रूळ वाकवता येतो, बारा एकर जाळी आणि तिच्याभोवतीचे डोंगर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. माझ्या मते चूक आखणीच्या वेळची. दुर्बीण तिथे कितीतरी वर्षांपासून उभी होती, नकाशावर होती. मार्ग आखताना तिला विचारायला हवं होतं, आणि तालुक्याला त्या शांततेच्या बदल्यात काय देणार, हेही तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढची मोठी दुर्बीण भारतात होणार नाही. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात उभी राहते आहे. भारताने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. खोडदने शिकवलेले अभियंते त्यात आहेत. ती पूर्ण चालू होईपर्यंत, आणि तिच्यानंतरही काही काळ, लांब लहरींसाठी जगाला खोडदला यावं लागेल.

येणं म्हणजे अर्ज करणं. वर्षाची दोन सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कुठल्याही देशातला संशोधक अर्ज करू शकतो, पैसे पडत नाहीत, समिती गुणवत्तेवर निवड करते. घोडेगावजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची प्रकाशीय दुर्बीण आहे. पावसाळ्यात तिला ढगांपुढे हात टेकावे लागतात. खोडदला ढगांचं सोयरसुतक नाही, दिवसरात्रीचंही नाही. वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला तरच तबकड्या वर तोंड करून थांबवतात. तरीही मागितलेले तास उपलब्ध तासांपेक्षा जास्तच भरतात, आणि नकाराचं पत्र ज्यांना जातं त्यांत पुण्याचे संशोधकही असतात.